ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते? डिस्क आधी मोजा, मग बदला

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. तो थोडक्यात असा: ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हललं म्हणजे डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) वाकली. घाटात तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं की ती वाकतेच. दोन्ही डिस्क बदला, दुसरा इलाज नाही. परवडत नसेल तर तोवर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. आणि पायाखाली पेडल धडधडलं तर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गेलं समजा.

या मेसेजवर विसंबून लोक नव्या डिस्क घालतात आणि चार-सहा महिन्यांत तीच थरथर घेऊन पुन्हा गॅरेजच्या दारात उभे राहतात. पैसे जातात ते वेगळंच, पण ब्रेकचा खरा दोष गाडीत तसाच राहतो. म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

"डिस्क वाकली" हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. डिस्क ओतीव बिडाची असते आणि रोजच्या वापरात ती सहसा वाकत नाही. तिची जाडी मात्र सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी ती जास्त झिजते किंवा पॅडचा (डिस्कला दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्टीचा) थर एखाद्या जागी चिकटून बसतो. जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला आणि हाताला जाणवतो. ताशी 100 किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण 15 वेळा फिरतं. जाड जागा प्रत्येक फेऱ्यात पॅडला ढकलते आणि तीच ढकल स्टेअरिंगपर्यंत येते.

मग जाडी बिघडते कशाने? मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही, आणि नव्या डिस्कही वाया जातात त्या इथेच. चाक काढून डिस्क उतरवली की मागे हबचा, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाचा, सपाट पृष्ठभाग दिसतो. आपल्याकडे गाड्या धुळीतून आणि पावसाळ्यात चिखलातून जातात, त्यामुळे तिथे गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. ते न घासता वर नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी बसते. डोळ्याला काही दिसत नाही, पण डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून चाकाचा हब हाताने फिरवा, काटा हलताना दिसेल. बऱ्याच गाड्यांत डिस्कच्या कडेला हा झोल (फिरताना होणारी डुलकी) 0.05 मिलिमीटरच्या आत लागतो. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तिरकी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजते आणि थरथर सुरू होते. डिस्क बदलल्या दिवशी गाडी लोण्यासारखी थांबते आणि महिन्यांनी पुन्हा हलते, त्याचं कारण हे.

चाकाचे नट हेही असंच दुर्लक्षित कारण आहे. पंक्चरवाला एअर गनने एक नट गच्च आवळतो, दुसरा अर्धवट. त्याने डिस्कवर वाकडा ताण येतो. नट समोरासमोर या क्रमाने, टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापावरच आवळून घ्या.

घाटातल्या पाण्याबद्दल. पावसात रस्त्यावरून उडालेल्या पाण्याने डिस्क वाकत नाही. लालबुंद तापलेल्या डिस्कवर बादलीभर पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो, तेवढं टाळाच. पण कन्नडच्या औट्रम घाटातून किंवा मांजरसुंब्याच्या घाटातून उतरताना खरी चूक होते ती दुसरीच. सगळा उतार ब्रेकवर उतरायचा, आणि खाली थांबल्यावर पेडल दाबून बसायचं. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबला गेला की त्याचा ठसा तिथे उमटतो. खालचा गिअर टाकून उतरा. थांबल्यावर जागा सपाट असेल तर पाय काढून घ्या.

"दुसरा इलाज नाही" हेही खरं नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. टर्निंग करून, म्हणजे लेथवर खरवडून सपाट करून, ती त्या मापाच्या वरच राहणार असेल तर डिस्क वाचते. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लायडर पिना, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या, धुळीने अडकल्या असतील तर त्या साफ करून ग्रीस करा, नाहीतर नवा पॅडही तिरकाच झिजेल. एक गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे: डिस्क बदलायचीच असेल तर एका अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही बदला.

शिवाय थरथर पुढूनच येते असं नाही. स्टेअरिंग हलतं तेव्हा शंका पुढच्या चाकांवर. सीट आणि कंबर हलते तेव्हा मागच्यांवर. लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी बहुधा ड्रम (ब्रेकचे गोल डबे) असतात आणि ड्रम अंडाकृती झाला की असंच होतं. ओळखायचं असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी 30-40 ला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. थरथर आली तर आधी मागचं बघा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नका.

अलाइनमेंटने ब्रेकची थरथर जात नाही. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेला झिजतात. ब्रेक न दाबताही 80-100 ला स्टेअरिंग हलत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) बघा. खड्ड्यांनी सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड) किंवा बॉल जॉइंट सैल झाले असतील तर ब्रेकची बारीक थरथरही मोठी वाटते, तेही एकदा जॅकवर हलवून पाहायला हवेत.

एबीएसचा मुद्दा सर्वांत धोकादायक. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडतं, ते एबीएसचं कामच आहे. अशा वेळी घाबरून पाय काढू नका, दाबून धरा. डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा सतत पेटलेला राहिला तर मात्र गॅरेज गाठा.

थरथरीसोबत गाडी एका बाजूला ओढत असेल, जळका वास येत असेल किंवा थांबल्यावर एकाच चाकातून जास्त धग येत असेल, तर कॅलिपर अडकलेला असू शकतो. अशी गाडी समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने नेऊ नका. गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्रीला आधी डायल गेजचं रीडिंग आणि मायक्रोमीटरने (जाडी मोजायच्या बारीक मापकाने) मोजलेली जाडी कागदावर लिहून मागा. दोन्ही आकडे हातात आल्यावरच नव्या डिस्कला होकार द्या.