‘चिडवल्याने मुलं कणखर होतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या वहिनीच्या मुलाच्या शाळेत चिडवणं थांबवण्याबद्दल दोन तासिका होणार आहेत, आणि त्याच्या संमतीपत्रावर सही करायची नाही असं तिने ठरवलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “ताई, एक मेसेज पाठवते, वाचा म्हणजे कळेल.” वाचला. आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला होता, तेव्हा दुर्लक्ष केलं होतं. पण वहिनी शिकलेली, चार गोष्टी तपासून घेणारी बाई आहे. तिचा हात जर या मेसेजने सहीपाशी अडवला असेल, तर गप्प बसण्यात अर्थ नाही. मी स्वतः माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझा राग जरा जास्तच आहे.

मेसेज लांबलचक आहे. त्याचा सारांश असा: ‘चिडवणं थांबवा’ या नावाखाली शाळांत समलैंगिकतेचा प्रचार चाललाय. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. एनसीईआरटीने (शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने) असलंच पुस्तक मुलांसाठी काढलं होतं, ते सरकारने रद्द केलं. आईबापांना अंधारात ठेवून हे सगळं होतंय. मुलं एकमेकांना चिडवतातच, त्यानेच कणखर होतात. आणि एखाद्यात ‘तसं’ काही असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावं, अख्ख्या वर्गाला वेठीला कशाला धरायचं? शेवटी, ‘जागरूक पालकांनी सही करू नये, दहा ग्रुपवर पाठवा.’

प्रचाराचं आधी बघू. वहिनीकडून मी शाळेच्या सूचनेचा फोटो मागवून घेतला. इयत्ता आठवी ते दहावी, शनिवार, दोन तासिका. विषय: वर्गातील चिडवणे, टोपणनावे व शारीरिक त्रास. मुलांना काय सांगणार, तर कुणाला काय म्हणायचं नाही, त्रास झाला तर कुणाकडे जायचं आणि दुसऱ्याला होताना दिसला तर काय करायचं. एवढंच. आता यातून मुलगा समलैंगिक कसा होतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने एका ओळीत तरी सांगायला हवं होतं, ते कुठेच नाही. वर्गात ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘मामू’ ही नावं ज्यांना चिकटतात, त्यांतला कोण पुढे समलैंगिक निघेल आणि कोण नाही, हे चिडवणाऱ्याला माहीतही नसतं. आवाज बारीक आहे, क्रिकेट जमत नाही, चित्रं छान काढतो, मुलींशी गप्पा मारतो, एवढं पुरतं. म्हणजे हे थांबवलं तर फायदा सगळ्याच मुलांचा आहे. वहिनीच्या मुलाचाही.

पाश्चात्त्य खुळाचा मुद्दा महाराष्ट्रात बसून कुणी लिहावा याचं वाईट वाटतं. १९३४ साली संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, तो त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत समलैंगिकतेबद्दलचेही प्रश्न होते. कर्व्यांची बाजू कोर्टात कुणी मांडली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला जाणकाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा वाद मुंबईच्या कोर्टात मराठी माणसांनी तेव्हाच घातलाय. परक्यांनी आणलेली गोष्ट हवीच असेल तर ती समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ते घातलं आणि सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला, पाच न्यायाधीशांच्या एकमताने, रद्द केलं. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलंय की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, लुगडं नेसणाऱ्या जोगत्याला सुपात जोगवा घालून हात जोडणारी गावं आपलीच आहेत, आणि त्याच गावच्या शाळेत जरा नाजूक चालणाऱ्या पोराला दगड मारणारीही आपलीच.

आणि चिडवणं हा अपराध मानायला आपल्याला बाहेरून कुणी यावं लागलेलं नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला शरीराचा किंवा मनाचा त्रास होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग, आणि चिडवणं, शिवीगाळ, धमकी हे शब्द त्या व्याख्येतच आहेत. ही व्याख्या फक्त कॉलेजपुरती नाही. वसतिगृहं, अनाथाश्रम, शिकवणीवर्ग यांनाही लागू होते. तक्रार आल्यावर सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, नाही केली तर तोही गुन्ह्याला मदत करणारा धरला जातो. पुढे २०१६ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्या रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा छळ स्पष्ट शब्दांत घातला. अठराव्या वर्षी कॉलेजात गेल्यावर ज्यासाठी मुलाचं नाव काढून टाकलं जाऊ शकतं, ते त्याला तेराव्या वर्षी सांगायचं नाही?

एनसीईआरटीच्या बाबतीत अर्धं खरं आणि अर्धं खोटं एकत्र कालवलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दलची एक पुस्तिका आली होती, हे खरं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने पत्र पाठवलं आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गेली, हेही खरं. पण ती मुलांसाठी नव्हतीच. ती शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी होती. सगळ्यांसाठी एकच स्वच्छतागृह असावं का, वयात येणं लांबवणाऱ्या औषधांची माहिती शिक्षकांना कशाला, असे आक्षेप होते. त्यांवर वाद घालता येतो, घालावाही. मात्र पुस्तिका काढून टाकली म्हणून त्यातला प्रश्न खोटा ठरत नाही. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याच्या कलम १३ ने मान्यताप्राप्त शाळांवर भेदभावाविना शिक्षण द्यायची जबाबदारी टाकली, ती काही त्या पुस्तिकेवर अवलंबून नव्हती. आणि तृतीयपंथी असणं वेगळं, समलैंगिक असणं वेगळं. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलेत.

आईबापांना अंधारात ठेवल्याची तक्रार तेवढी मला पूर्ण झटकता येत नाही. बाहेरची माणसं वर्गात येऊन दोन तास बोलणार असतील तर ती कोण, काय बोलणार, हे पालकांना आधी कळायलाच हवं. बऱ्याच शाळा ते नीट सांगत नाहीत, फक्त सही मागतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ च्या आदेशात हेच सुचवलं होतं, की शिक्षक-पालक संघातून आईवडिलांनाही हा विषय समजावून द्या. पण त्यावर उपाय काय? शाळेत जाऊन विचारणं. वहिनीच्या शाळेने तर संमतीपत्र पाठवलंय, म्हणजे विचारायची संधी स्वतःहून दिलीय.

आता ज्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले ते. “आमच्या वेळी पण चिडवायचे, आम्ही काय मेलो? थोडं चिडवल्याने मुलं कणखर होतात.”

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरी घेताना तो ‘हजर’ म्हणत नसे, नुसता हात वर करी. मला आधी वाटलं, आळस. मग एकदा मी आवाज ऐकायचाच म्हणून थांबले. त्याने ‘हजर’ म्हटलं आणि मागच्या तीन बाकांवरून तोच शब्द लाडीक, बायकी आवाजात परत आला. रोज, प्रत्येक तासाला हे होत असे, म्हणून त्याने बोलणंच बंद केलं होतं. मधल्या सुट्टीत तो मुतारीकडे फिरकत नसे. तिथे मोठी मुलं त्याला दारातून ढकलत, ‘मुलींच्या बाजूला जा’ म्हणत, एकदा पँट ओढली होती. त्यामुळे तो सकाळी पाणी न पिताच घरून निघायचा. दुपारी पाय जुळवून बसलेला असायचा आणि तास निम्मा झाला की माझी परवानगी मागायचा, कारण त्या वेळी मुतारी रिकामी असते. खेळाच्या तासाला त्याचं पोट दुखायचं, ते सोंग नव्हतं. मी वर्गात बोलले, मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी मुलालाच बोलावून समजावलं: “जरा मुलासारखं वाग, म्हणजे कुणी चिडवणार नाही.” पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांनी दाखला काढला. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ‘पालकांच्या विनंतीवरून’.

कणखर होणं म्हणतात ते हे का? मेसेज लिहिणाऱ्याने एक दिवस पाणी न पिता शाळेत बसून दाखवावं.

एका मुलावरून निष्कर्ष काढू नका असं कुणी म्हणेल, तर काढत नाही. युनेस्कोच्या दिल्ली कार्यालयाने चेन्नईच्या ‘सहोदरन’ संस्थेबरोबर तामिळनाडूत केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. लैंगिक अल्पसंख्य गटांतल्या, म्हणजे समलैंगिक, तृतीयपंथी अशा, सुमारे चारशे तरुणांना त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. माध्यमिकच्या वर्गांत मारहाण, धक्काबुक्की झाल्याचं ६० टक्क्यांनी सांगितलं. प्राथमिक शाळेतच लैंगिक त्रास झाल्याचं ४३ टक्क्यांनी. प्राथमिक म्हणजे चौथी-पाचवीतलं मूल! छळ टाळायला निम्म्याहून अधिक जण वर्ग बुडवत होते आणि जवळपास तिसऱ्या हिश्शाची शाळा सुटली. आणि शाळेकडे तक्रार किती जणांनी केली? १८ टक्क्यांनी. हा अभ्यास एका राज्यातला आहे, नमुना मोठा नाही, मान्य. पण मला त्यातला अठराचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. “आमच्या वेळी कुणी तक्रार करत नव्हतं” हे मेसेजवाल्याचं म्हणणं त्या आकड्यात बसतं. त्रास नव्हता म्हणून तक्रार नव्हती असं नाही. सांगायला गेलं की आधी ‘तुला असं का म्हणतात?’ हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तेरा वर्षांच्या मुलाने स्टाफरूममध्ये सहा शिक्षकांसमोर उभं राहून द्यायचं असतं. घरी सांगावं तर बाप तोच शब्द वापरणारा.

“आम्ही काय मेलो?” असं विचारणारे जे वाचले ते आहेत, ज्यांचे दाखले निघाले ते या ग्रुपवर नाहीत. शिवाय आपल्या वेळचं आठवताना आपण कुठल्या बाजूला उभे होतो हेही आठवावं. ‘जाड्या’, ‘चष्मिष्ट’ म्हणून घेतलेला माणूस घरी येऊन आईला सांगू शकत होता, आणि आई त्याच्या बाजूने भांडायला जात होती. ‘छक्का’ म्हटलेल्या मुलाला ते घरी उच्चारताही येत नाही. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने ‘थोडं’ हा शब्द वापरू नये.

राहिला डॉक्टरचा सल्ला. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. आणि ‘बदलून देतो’ म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे मेसेज पालकांना ज्या डॉक्टरकडे पाठवतोय तो असा उपचार करायला तयार झाला, तर तक्रार त्याच्यावरच होऊ शकते. मुलगा चिडवण्याने खचला असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, तर समुपदेशकाकडे जरूर न्या. त्याच्या चालण्याबोलण्यावर इलाज करून घ्यायला नेऊ नका.

वहिनीला मी फोनवर सांगितलं ते इथेही सांगते. संमतीपत्र लगेच परत देऊ नकोस, आधी शाळेत जा आणि तीन गोष्टी विचार. दोन तासिका कोण घेणार आणि काय बोलणार. मुलाने तक्रार केली तर ती लिहून कोण घेणार, आणि सात दिवसांत काय झालं ते कुणी कळवायचं. आणि शिक्षकांपैकी कुणी मुलांना असली नावं ठेवली तर काय करणार, कारण शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतला मानसिक छळही बंद केलाय आणि तो नियम शिक्षकांनाही लागू आहे. उत्तरं मिळाली की सही कर. तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर मला फोन कर, मी रजा टाकून तुझ्याबरोबर येते.