अकरा माणसं, एक बाथरूम आणि क्लिंगो

भाच्याची मुंज होती, बस सकाळी ६ ला दारात येणार, घरात मुक्कामाला अकरा माणसं आणि बाथरूम एकच. शहाणा माणूस अशा वेळी गुपचूप टॉवेल खांद्यावर टाकून लाइनीत उभा राहतो. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मी म्हणलं थांबा, आंघोळींना क्लिंगो लावू.

क्लिंगो म्हणजे जर्मनीत पॉट्सडॅम युनिव्हर्सिटीत तयार झालेलं कमांड लाइनवरचं टूल. त्याला कसं करायचं ते सांगायचं नाही, काय चालेल आणि काय चालणार नाही एवढंच लिहून द्यायचं, उत्तर तो शोधतो. म्हणजे आमच्या आत्यासारखंच, फक्त आत्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

सुरुवातच अपशकुनी. घरातली मोठी माणसं म्हणून मी सगळ्यांची नावं कॅपिटल अक्षराने टाकली. या भाषेत कॅपिटलने सुरू होणारं काहीही व्हेरिएबल, म्हणजे 'कोणीतरी एक'. एंटर दाबलं आणि एररची रांग लागली, आत्या अनसेफ, मामा अनसेफ, काका अनसेफ. बायको मागून वाचत होती. "बरोबर ओळखलंय की," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मग मी जास्तीचा शहाणपणा केला, वेळ मिनिटात न देता सेकंदात दिली. क्लिंगो सोडवायला बसण्याआधी प्रत्येक नियमात सगळ्या शक्य किमती भरून त्याच्या प्रती काढतो, त्याला ग्राउंडिंग म्हणतात. ४ ते ६ म्हणजे ७२०० सेकंद, आंघोळ १२ मिनिटं म्हणजे ७२०, माणसांच्या जोड्या उलटसुलट धरून ११०, गुणाकार केला तर ५७ कोटी. एका आंघोळीपायी ५७ कोटी नियम! लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला, आजीने विचारलं पण, चटणी वाटतोयस का रे.

यावरचा उतारा म्हणजे क्लिंगो-डीएल. मूळ सॉल्व्हरवर चढवलेलं एक्स्टेंशन, फाइल तीच चालते, फक्त 'या वेळेतून ती वेळ वजा केली तर इतक्यापेक्षा जास्त नको' अशा अटी वेगळ्या लिहिता येतात आणि वेळा आकडे म्हणूनच राहतात, त्यांच्या प्रती निघत नाहीत. परत मिनिटांवर आलो, एंटर मारलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत सॅटिस्फायेबल, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तर सापडलं. मी खुर्चीतून उठलोच. मग उत्तर वाचलं. अकराही जण पहाटे ४ वाजता बाथरूममध्ये. एकत्र. आत्या आणि धाकटे जावईसुद्धा. मी वजा १२ च्या जागी नुसतं १२ लिहिलं होतं, म्हणजे 'बारा मिनिटं आधी' याऐवजी 'बारा मिनिटांपेक्षा जास्त नंतर नको' अशी अट झाली होती, आणि सगळे एकाच वेळी घुसले तरी ती पाळली जातेच ना. त्याने माझंच ऐकलं होतं.

वजा टाकला आणि परत चालवलं तर स्क्रीन गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चहा झाला, दुसरा झाला. अकरा जणांचे क्रम ३,९९,१६,८०० होतात, हा त्यातले ढीगभर एकदम बाद करतो हे खरं पण तरी चाचपडतच होता, कारण त्याच्या अटींना एका वेळी दोनच माणसं दिसतात, सगळ्यांची बेरीज दिसत नाही. आई कोथिंबीर निवडत होती. "काय अडलंय?" मी सांगितलं. तिने मान पण वर केली नाही.

"अकरा बारे एकशे बत्तीस. तुझ्याकडे दोन तास. एकशे वीस. कसं बसेल? बाबांना शेजारी काकूंकडे पाठव."

बाबांचं नाव फाइलीतून उडवलं, एका क्षणात सॅटिस्फायेबल. पण त्यात आजी सातवी. आजीचं सोवळं असतं हे मी लिहिलंच नव्हतं, जर्मनीत त्यांना कुठून कळणार. तीही अट घातली. मग एक स्क्रिप्ट केली की उत्तर मिळालं की प्रिंट निघावी, तर प्रिंट निघेच ना. उत्तर सापडलं की हा एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना कळवायचा आकडा, १० देतो आणि टर्मिनलला शून्य सोडून सगळं नापास वाटतं. दहा मार्क मिळवून नापास झालेला मी पहिलाच. शेवटी हाताने प्रिंट काढून बाथरूमच्या दारावर चिकटवली.

मुंजीच्या दिवशी आजी साडेतीनलाच न्हाऊन देवापाशी बसली होती. बाकीचे दार वाजवून "झालं का?" विचारत आत जात होते, कागदाकडे कोणी बघत नव्हतं. माझा नंबर शेवटचा, ५:४८. मी नळ सोडला. गिझरमधलं गरम पाणी किती जणांना पुरतं ही अट फाइलीत नव्हती.