पोट भरलेल्यांचं शास्त्र

चवथीला गोव्यात घरी होते. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना काकांनी सुपारीचा घड माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तू शिकतेस ते एन्व्हायर्न्मेंटल सोशिऑलॉजी, पर्यावरणाचं समाजशास्त्र, म्हणजे नेमकं काय गो? झाडांची जातपात?" सगळे हसले, मीही हसले. मग ते म्हणाले, "पोट भरलेल्यांचं शास्त्र ते. आमच्या ट्रकांना गंज चढला तेव्हा कुठे होतं?" तेव्हा मात्र हसू आलं नाही. नेदरलँड्समध्ये, वागेनिंगेनच्या विद्यापीठात, परत येऊन दोन महिने झाले, तरी ऱ्हाइनच्या बांधावरून सायकल हाणताना मी मनातल्या मनात काकांना उत्तरं देतेच आहे.

इथल्यांची पोटं भरलेली आहेत हे कबूल, पण भांडणं तीच आहेत, काका. मे 2019मध्ये इथल्या वरच्या न्यायालयाने नायट्रोजनचे (गोठ्यांतल्या शेणामुतातूनही हवेत जातो तो) परवाने देण्याची सरकारी पद्धत मोडीत काढली आणि ऑक्टोबरात शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन द हेगवर चालून गेले. आपल्याकडे फेब्रुवारी 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 लोहखनिज खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून खाणी थांबल्या आणि काही दिवसांतच खाणवाल्या गावांतली माणसं पणजीत रस्त्यावर बसली. फरक म्हणाल तर इथे असं काही पेटलं की दुसऱ्या दिवशी समाजशास्त्राच्या विभागात फोन खणखणतो, आपल्याकडे कलेक्टर जमावबंदी लावतो. (जरा वाढवून सांगतेय. इथेही पहिला फोन इंजिनिअरलाच जातो.)

आणि हे शास्त्र काही फार जुनं नाही. 1978मध्ये कॅटन आणि डनलॅप या दोघा अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी आपल्याच बिरादरीला सुनावलं, की निसर्गाचे नियम माणसाला लागूच नाहीत असं धरून तुम्ही समाजाचा अभ्यास करताय. दोन वर्षांनी श्नायबर्ग या आणखी एका समाजशास्त्रज्ञाने 'उत्पादनाची ट्रेडमिल' मांडली: जागेवर राहायचं तरी पळत राहायचं, आणि पळण्यासाठी दरवर्षी जास्त माती, जास्त तेल, जास्त पाणी. आमच्या वर्गात यावर तीन तास चर्चा झाली. मला तीन मिनिटं पुरली असती.

बाबांनी पहिला टिपर कर्जावर घेतला. हप्ता फिटावा म्हणून खेपा वाढवल्या, खेपांसाठी ड्रायव्हर ठेवला, ड्रायव्हरचा पगार निघावा म्हणून दुसरा टिपर घेतला. माल चीनला जात होता. 2010-11मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांवर खनिज गेलं आणि त्यातल्या काही खेपा 'शांतादुर्गा प्रसन्न' लिहिलेल्या आमच्या काचेमागून नदीकाठी सारमानसच्या जेटीवर उतरल्या. आई सकाळी तुळशीवृंदावन धुवायची, दुपारी ते पुन्हा तांबडं. खाणीतलं पाणी उपसून उपसून आमची विहीर आटली, तेव्हा टँकर आला. टँकरवाला तोच, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारणारा. दोन्हीचे पैसे त्यालाच.

त्या दोन टिपरांवर माझी कॉलेजची फी भरली गेली. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

सांगायची वेळ आली होती. सेमिनारमध्ये एका डच मुलीने सहज सांगून टाकलं, "माझं शिक्षण एकशेवीस गाईंच्या शेणामुतावर झालंय आणि मी नायट्रोजनवर प्रबंध लिहितेय." कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढचा नंबर माझा. मी 'खाण-अवलंबित समुदाय' असा शब्द वापरून वीस मिनिटं बोलले.

बोलता येतं ते खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या गोव्यातल्या शेतांवर. इथले लोक आपल्या पोल्डरांचं, बांध घालून पाण्याकडून मिळवलेल्या जमिनींचं, कौतुक सांगायला लागले की मी मानशीचं चित्र काढते: भरतीला आपोआप मिटणारी, ओहोटीला उघडणारी लाकडी झडप. मग सांगते की पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून आमच्या गावकऱ्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्था, हे बांध राखत होत्या. तेव्हा छाती जरा फुगतेच. पुढचं सांगताना आवाज खाली येतो. कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, मानशीत मासे धरायचा हक्क लिलावात जाऊ लागला, आणि लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत आलेलंच बरं वाटतं. बांध फुटतो तेव्हा चिखलाचा दोष कमी असतो. काका, नुसत्या इंजिनिअरकडून तो बांधून घ्यायचा तर दरवर्षी घ्यावा लागेल. झाडांची जातपात म्हणा हवं तर.

मार्च 2023मध्ये इथल्या वॉटरस्खापची, म्हणजे बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या मंडळाची, निवडणूक झाली, मी रांगेत उभी राहून मत दिलं. या बांधासाठी मला मत आहे. गोव्यातल्या पिळगावच्या बांधासाठी नाही. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्या दाखल्यावर लिस्बनला कागद केले, पोर्तुगालचा तांबडा पासपोर्ट आला आणि एमएस्सीची फी कित्येक पटींनी खाली आली. भारताचा पासपोर्ट परत केला. आता ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, आहे, त्यावर मला गोव्यात शेतजमीन विकत घेता येत नाही. तरी गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या 2024च्या त्या 39-अ कलमावर, एकेका प्लॉटचा झोन बदलून देण्यावर, मी रात्री एकपर्यंत जागून तावातावाने लिहिते: गोवा भायल्यांच्या, बाहेरच्यांच्या, घशात जातोय! कायद्याच्या हिशेबाने भायली मीच आहे.

आणि काकांचं ते वाक्य का टोचतं, तेही एकदा सांगूनच टाकते. माझ्या प्रबंधात 'ट्रकमालक 7' म्हणून एकजण आहे. दीड तास बोलला, चहा पाजला, इंग्रजीतल्या संमतिपत्रावर न वाचता मराठीत सही केली. 2022च्या अखेरीस डिचोलीचा खाण-ब्लॉक लिलावात गेला, त्यानंतरच्या मे महिन्यातली ती मुलाखत. तो म्हणाला होता, खाण सुरू व्हायला हवी आणि विहिरीला पाणीही यायला हवं, हे तुझ्या लोकांना एका वाक्यात लिहिता येईल का बघ. मी ते दोन प्रकरणांत तोडून लिहिलं.

गेल्या रविवारी काकांचा फोन आला.

"माझं ते बोलणं छापलंस?"

"छापलं."

"नाव घातलंस?"

"नाव घालता येत नाही काका, गोपनीयतेचा नियम असतो. तुम्ही नंबर सात."

थोडा वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज आला.

"सात कुठून काढलास गो? घालायचा तर ट्रकाचा नंबर घालायचा."