नवाकोरा गंज

वस्तू जुनी दिसावी म्हणून आपल्याला काही करावं लागत नाही, तिचं तिचं ती बघून घेते. भिंतीला पोपडे येतात, कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, नवा मोबाईल पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावर आपटतो, सगळं फुकटात. माझ्या ओळखीत एकच वस्तू अशी आहे जिला म्हातारी करायला मला तरणी करण्यापेक्षा जास्त राबावं लागलं, आणि ती म्हणजे माझा नाईट.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. वॉरहॅमर 40,000 नावाचा टेबलावर खेळायचा लढाईचा गेम आहे, 1987 मध्ये आला, त्यात प्लॅस्टिकचे छोटे छोटे सैनिक असतात आणि ते आपले आपण जोडून, रंगवून मग लढवायचे असतात. इम्पीरियल नाईट हे त्यातलं धूड. दोन पायांवर चालणारं यंत्र, आत एक खानदानी सरदार बसून ते चालवतो, एका हातात तोफ, दुसऱ्या हाताला साखळीची करवत. बाकीचे सैनिक त्याच्या पोटरीपर्यंतही धड पोचत नाहीत. नुसता बेसच 170 मिलिमीटर लांब आहे, म्हणजे पायाखालची माती रंगवणं हेच एक स्वतंत्र काम.

तर आधी हा चकाचक रंगवायचा असतो. फ्रेममधून पार्ट कापा, मोल्ड लाइन म्हणजे साच्याच्या जोडाची राहिलेली रेघ खरवडा, पायांचा सांगाडा वेगळा ठेवा, चिलखताच्या प्लेटा वेगळ्या ठेवा कारण एकदा चिकटवल्या की मागे ब्रश जात नाही, मग प्रायमर, मग रंग, आणि तोही पाण्याने पातळ करून दोन हात, कारण जाड एक हात दिला की सगळी कोरीव नक्षी बुजून जाते. हे सगळं ठीक. पण ट्रिम! प्रत्येक प्लेटच्या कडेने सोनेरी पट्टी आहे, आणि हा रंग त्या पट्टीवरच राहिला पाहिजे, आत लाल प्लेटवर जाता कामा नये, आणि तो जातोच. मग लाल लावून झाका, मग तो लाल पट्टीवर येतो, मग परत सोनेरी. हा दोन रंगांमधला सीमावाद आहे, आणि त्यात मी आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी घातल्यात. ज्याने कोणी हे मॉडेल डिझाइन केलं त्याने ते स्वतः कधी रंगवलं नसणार असं माझं ठाम मत आहे.

एवढं सगळं होऊन नाईट टेबलावर लखलखत उभा राहिला, आई येऊन बघून गेली, "छान झालंय रे, आता कपाटात ठेव, नाहीतर धूळ बसेल" असं म्हणाली. आणि नेमक्या ह्याच क्षणी वेदरिंग सुरू करायचं असतं. म्हणजे धूळ बसवायची. नुसती धूळ नाही, गंज, ओघळ, टवके, चिखल, तेलाचे डाग, सगळं.

ह्यावर आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचा कायमचा आक्षेप आहे. त्याचं म्हणणं, हे सरदार घराण्याचं यंत्र, ह्यांच्याकडे सॅक्रिस्टन नावाचे खास मेकॅनिक असतात ज्यांचं आयुष्य ह्या नाईटची देखभाल करण्यात जातं, मग त्याच्या गुडघ्यावर गंज म्हणजे काय, ते सगळे एकदम रजेवर गेले होते का? मुद्दा तसा बरोबर आहे. पण स्वच्छ नाईट टेबलावर ठेवला की तो खेळणं दिसतो त्याला काय करणार. छोट्या सैनिकावर कसं, इंचभर जागेत पट्टे, पाउच, घड्या एवढं सगळं असतं की वरून एक काळा वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, ओतला की तो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि काम होऊन जातं, त्या वॉशला रंगवणारे लोक लिक्विड टॅलेंट म्हणतात ते काही उगाच नाही. नाईटच्या प्लेटा मात्र मोठ्या, सपाट, गुळगुळीत. नजरेला धरायला काहीच नाही. तिथे चार ओरखडे आणि दोन ओघळ आले की मगच ते यंत्र अचानक मोठं वाटायला लागतं, जड वाटायला लागतं. म्हणून घाण करायची. असं मी मित्राला पटवून दिलं, तो म्हणाला बरं, पण सॅक्रिस्टनचा पगार काप.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे स्पंज. मॉडेलच्या पॅकिंगमधला फोमचा तुकडा घ्यायचा, कात्रीने नाही कापायचा, बोटांनी फाडायचा, कारण कडा वेड्यावाकड्या पाहिजेत. तो चिमट्यात धरून गडद तपकिरी रंगात टेकवायचा आणि मग त्यातला जवळजवळ सगळा रंग टिश्यूवर टिपून काढायचा. टिश्यूवर अगदी फिकट ठिपके उमटायला लागले की मग मॉडेलच्या कडांवर हलकेच टेकवायचा. सुटा ठिपका, एक जरा लांबट ओरखडा, मग तीन-चार कण एकत्र. खरंच टवके उडाल्यासारखं दिसतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटाच खोलीत "वा!" म्हणालो होतो. त्यातून हौस असेल तर मोठ्या टवक्याच्या खालच्या काठाला केसाएवढी फिकट रेघ ओढायची, की रंगाला जाडी आहे आणि तिथून तो निघालाय असा भास होतो. ही रेघ ओढताना श्वास घ्यायचा नाही. मी तर गिळतही नाही.

पण खरी गोम पुढे आहे. टवके अस्ताव्यस्त पाहिजेत, आणि माणसाच्या हाताला अस्ताव्यस्त काही करताच येत नाही! करून बघा. मी आपला मनाला येईल तिथे स्पंज टेकवत गेलो आणि दहा मिनिटांनी लांबून बघतो तर सगळे टवके शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे, एकेक हात अंतर सोडून, ओळीत. एका ठिकाणी गर्दी करावी म्हटलं तर हात म्हणतो, नको, आत्ताच तर इथे दिला. डाव्या खांद्यावर दिला की उजव्या खांद्यावर द्यावासा वाटतो, अन्याय नको म्हणून. आयुष्यात इतर कुठेही माझ्याकडून नीटनेटकेपणा झाल्याची नोंद नाही, टेबलाचे खण उघडून दाखवू शकतो, पण गंजाच्या बाबतीत मात्र हात एकदम शिस्तीचा.

आणि मापाचं गणित वेगळंच. हे सैनिक ज्या मापाचे असतात त्याला 28 मिलिमीटर स्केल म्हणतात, म्हणजे खऱ्या माणसापेक्षा ढोबळमानाने साठपट लहान. म्हणजे मी एक मिलिमीटरचा ठिपका दिला तर तो खऱ्या यंत्रावर सहा सेंटिमीटरचा टवका झाला. आणि स्पंज जरा ओला राहिला, तीन-चार मिलिमीटरचा डाग पडला, की तिथला वीतभर पत्रा सोलला गेला. हा हिशोब मी एकदा मनात मांडला आणि नंतर दोन दिवस स्पंजला हात लावायची हिंमत झाली नाही.

मग ठरवलं की खरा गंज बघून शिकायचा. ह्याचा दुष्परिणाम असा की आता मला रस्त्यावर सरळ चालता येत नाही. डंपर दिसला की मी थांबतो. डंपरचा मागचा फाळका ही बघण्यासारखी गोष्ट आहे हो, आतून रंग पूर्ण घासून गेलेला, धातू चमकतोय, आणि बाहेर मात्र कडेकडेनेच टवके. बिजागरीपासून निघालेला ओघळ वर बारीक आणि गडद, खाली येईल तसा फिकट होत विरून जातो. ताजा गंज नारिंगी, जुना झाला की गडद तपकिरी. चढायच्या पायरीवरचा रंग फक्त मधोमध गेलेला, कारण बूट तिथेच पडतो. हे सगळं मी एका उभ्या डंपरपाशी वाकून, चाकामागे डोकं घालून बघत होतो, फोटोही काढत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर आला आणि त्याने विचारलं, काय झालं, लागलं का कुठे? मी म्हणालो, नाही, गंज छान आलाय. त्याने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता गाडी काढली. खरं तर मला मडगार्डही बघायचं होतं.

घरी येऊन ओघळांच्या मागे लागलो. ह्याला ऑइल पेंट लागतात, चित्रकारांच्या ट्यूबमधले, बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना. आधी मॉडेलवर व्हार्निशचा थर द्यायचा, म्हणजे खालचा अॅक्रिलिक सुरक्षित. मग रंग पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो. मग रिव्हेटखाली सुईच्या टोकाएवढा ठिपका द्यायचा आणि व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेल्या ब्रशने तो खाली ओढायचा, आणखी एकदा ओढायचा, की ठिपका जवळजवळ नाहीसा होतो आणि फक्त एक पुसटसा ओघळ मागे राहतो. तपश्चर्येचं काम, पण मजा येते. आणि नाही आवडला तर पुसून टाकता येतो, कारण ऑइल लवकर वाळत नाही. लवकर वाळत नाही म्हणजे किती, तर नाईट कित्येक दिवस खिडकीत उभा होता आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्याला हात लावायचा नाही. स्पिरिटच्या वासाने बायको वैतागली. "पैसे देऊन नवीन आणलास, महिनाभर रंगवलास, आणि आता पैसे देऊनच गंजवतोयस," ती म्हणाली, "बाल्कनीच्या ग्रिलला फुकट गंज आलाय, तो तेवढा काढ ना." ह्याला उत्तर नव्हतं. ग्रिलचा गंज मी आधीच जवळून बघून आलो होतो, फार सुंदर आहे, काढायचा जीव होत नाही, पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

हेअरस्प्रेचीही एक पद्धत आहे. खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा रंग, मग पाणी लावून ब्रशने घासलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा सुटून येतो. केसांसाठी आमच्या घरात हेअरस्प्रे कधी कोणी आणला नव्हता, तो पहिल्यांदा गंजासाठी आला. पण ह्यात सगळं आधीच ठरवावं लागतं, ट्रिम आणि बाकी सोपस्कार झाल्यावर सुचून उपयोग नाही, त्यामुळे मी फक्त वेगळ्या ठेवलेल्या एका गुडघ्याच्या प्लेटवर करून समाधान मानलं.

शेवटी पायांना धूळ. त्याची पिगमेंट पावडर मिळते, कोरड्या ब्रशने घोट्यांवर, पंजांवर थापटायची. इतकी सुरेख दिसते की काय सांगू. मग ती टिकावी म्हणून वरून मॅट व्हार्निश मारायचा, आणि व्हार्निश वाळला की बघावं तर अर्धी धूळ गायब. परत पावडर, परत व्हार्निश, परत गायब. माझ्या टेबलावरच्या खऱ्या धुळीला कोणी व्हार्निश मारत नाही आणि ती कधीही गायब होत नाही, हे नमूद करून ठेवतो.

आणि थांबायचं कुठे ते कोणी सांगत नाही. एक टवका अजून, इथे एक ओघळ, अरे पाठीमागे काहीच नाही, पाठही करू. रात्री दिवा बंद करून झोपायला गेलेला माणूस उठून परत येतो, कारण त्याला तोफेच्या तोंडाशी काजळी कमी वाटते. शेवटी बायकोने ब्रश धुऊन ठेवून दिले.

मग त्याला खेळायला नेला. दुसऱ्याच डावात मित्राच्या रणगाड्याला त्याचा खांदा धडकला आणि खट्ट आवाज झाला. बघतो तर खांद्याच्या कडेला टवका उडालेला, खराखुरा, प्रायमरसकट, खालचं करडं प्लॅस्टिक दिसत होतं. खेळ संपल्यावर सगळ्यांनी नाईट हातात घेऊन, फिरवून फिरवून बघितला, गंजाचं कौतुक केलं, ओघळांचं केलं, गुडघा कसा केलास विचारलं. सॅक्रिस्टनवाला मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग त्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाकी सगळं जमलंय यार, पण हा टवका बघ ना, अगदी फेक वाटतो."

घरी येऊन त्या खऱ्या टवक्यावर तपकिरी रंगाने खोटा टवका रंगवला. खालून ती फिकट रेघही ओढली. आता बरा दिसतोय.