‘माकडालाही शिकवता येईल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रियांना मी सहसा तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देतो. ही एक मात्र तिथे मावणार नाही. नाव न देता ‘एक ऑटोमेशन इंजिनिअर’ एवढीच ओळख सांगून एका वाचकाने मागच्या लेखावर लिहिलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी म्हटलं होतं, स्वयंचलित असेंब्ली लाईनवर नवा माणूस एकटा उभा करण्याआधी दोन-तीन आठवडे जाणत्या ऑपरेटरच्या शेजारी ठेवा. आणि मशीन चालवायला शिकवता तसंच ते थांबवायला आणि थांबलेलं पुन्हा सुरू करायला शिकवा. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की हे जुन्या फिटरचं स्मरणरंजन आहे. सुरक्षितता डिझाइनमध्ये असते, ट्रेनिंगमध्ये नसते. ठेकेदाराची पोरं सहा महिन्यांत निघून जातात, त्यांच्यावर तीन आठवडे कोण घालवणार? फोटो भलत्याच मशीनचा आहे. ज्याला पीएलसीचा (मशीनच्या हालचाली ठरवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम लिहिता येत नाही त्याने ऑटोमेशनवर लिहू नये. आणि शेवटी, “बटण दाबायला माकडालाही दोन तासांत शिकवता येईल.”

फोटोचं आधी उरकतो. आपलं बरोबर आहे. तो हँड प्रेसचा होता, असेंब्ली लाईनचा नव्हता. काढून टाकला आहे. नजर बारीक आहे आपली, आभार.

आता माकडाकडे येऊ.

आपण ज्यांच्याबद्दल हे लिहिलंत ती पोरं गंगापूर, वैजापूर, पैठण, बदनापूरकडची. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीलगत, रांजणगाव शेणपुंजीत एका खोलीत चार-पाच जण राहतात, फर्स्ट शिफ्ट असली की अंधारात उठून डबा भरतात. कुणी बारावी, कुणी आयटीआय, कुणी बी.ए. करता करता सोडलेला. यांतल्या कितीतरी जणांनी मिसरूड फुटायच्या आधी रात्री विहिरीवर जाऊन, फेज गेल्यावर स्टार्टर उघडून मोटार चालू केलेली आहे. डोकं कमी आहे म्हणून त्यांचे हात जात नाहीत. काय शिकवायचं हे ठरवणाऱ्याने त्यांना माकड धरलं, म्हणून जातात. मतभेद असू द्या, हरकत नाही. पण ही भाषा माझ्या ब्लॉगवर यापुढे चालणार नाही, हे स्वच्छ सांगतो. ही प्रतिक्रिया ठेवलीय ती लोकांनी बघावी म्हणूनच.

आणि बटणाचंच म्हणाल तर चला, बटणच घेऊ. हाऊसिंगमध्ये बेअरिंग दाबून बसवायचं एक साधं स्टेशन. पार्ट फिक्स्चरवर (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्यावर) ठेवायचा, हात बाहेर, दोन्ही बटणं एकदम दाबायची. दोन्हींत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडला तर मशीन हलत नाही, म्हणजे एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायची सोय नाही. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर खाली येतो, बेअरिंग बसवतो, वर जातो. इथपर्यंत तुमचं माकड पास.

मग एखादं बेअरिंग तिरकं बसतं. सिलिंडर मध्येच अडकतो, स्क्रीनवर अलार्म येतो, लाल दिवा लागतो. पोरगा इमर्जन्सी दाबतो, कारण इंडक्शनच्या पीपीटीत तेवढं सांगितलेलं असतं. आवाज थांबतो. त्याच्या लेखी मशीन बंद झालं. प्रत्यक्षात वीज तुटली, हवा तशीच आहे. हवेची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह डबल सोलेनॉइडचा (दोन विद्युतचुंबकांचा) असेल तर तो होता त्याच जागी राहतो आणि सिलिंडर सहा बारने खाली रेटतच असतो. शंभर मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरला हा जोर पावणेपाचशे किलोच्या आसपास भरतो. स्प्रिंग रिटर्नचा व्हॉल्व्ह असेल तर उलटं. वीज तुटताच सिलिंडर आपसूक मागे जातो, आणि वाटेत कुणाचं बोट असेल तर त्याची चौकशी करत नाही. तिसरा प्रकार मधल्या स्थितीत दोन्हीकडची हवा कोंडून धरणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्यात काहीच हलत नाही, सगळं निवांत दिसतं. पोरगा स्क्रूड्रायव्हर घालून ते तिरकं बेअरिंग सैल करतो, आणि त्याच क्षणी कोंडलेली हवा सिलिंडरला धक्का देते.

ही तिन्ही मशीनं बाहेरून सारखीच दिसतात, साहेब. पिवळा रंग, लाल मशरूम बटण, तीच दोन हिरवी बटणं. कुठलं कसं वागतं हे दाखवल्याशिवाय कळत नाही, आणि कॉन्फरन्स रूममध्ये तर दाखवताच येत नाही.

म्हणून मी पोराला आधी मशीनच्या पाठीमागे नेतो. एफआरएलजवळचा (हवा गाळून तिचा दाब ठरवणाऱ्या युनिटजवळचा) हवेचा कॉक त्याच्या हाताने बंद करायला लावतो, त्यावर कुलूप घालायला लावतो, किल्ली त्याच्याच खिशात. मग सिलिंडरच्या बाजूची कोंडलेली हवा सोडायला लावतो आणि गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबायला सांगतो. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं. मागे लाईन लीडर घड्याळ बघत उभा असतो आणि पोराला वाटतं आपल्यामुळे उत्पादनाचा आकडा पडतोय. त्यानंतर पार्ट काढायचा. रीसेट दाबण्याआधी पुन्हा मागे चक्कर मारून कुणी वाकलेलं नाही ना बघायचं, कारण दोन हातांची बटणं दाबणाऱ्याचे हात वाचवतात, पलीकडून पार्ट सरळ करणाऱ्या हेल्परचे नाही. मग मॅन्युअल मोडमध्ये एकेक हालचाल करून मशीन होमला (सुरुवातीच्या जागी) आणायचं आणि मगच ऑटो. हे एकदा दाखवून भागत नाही. शेजारी उभं राहून त्याच्याकडून करून घ्यावं लागतं, आणि पार्ट अडकायचे प्रसंग आपल्या सोयीने येत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवडे लिहिले होते.

इमर्जन्सी दाबताच हवा बाहेर सोडणारा एअर डंप व्हॉल्व्ह बसवला की यातलं बरंचसं मिटतं, हे मला ठाऊक आहे. चांगल्या मशीनवर तो असतोच. नसलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली) मशीनंही वाळूज-चिकलठाण्याच्या शेडमध्ये रोज तीन पाळ्या चालतात. आपण तिकडे जात नसाल.

आता “जुना फिटर”. होय, आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मागोमाग पार्ट पुरवणाऱ्यांच्या शेड उभ्या राहिल्या, तशाच एकीत मी फाईल धरायला शिकलो. पुढे एका दुसऱ्याच कंपनीत (नाव लिहीत नाही) आमच्या पाळीतल्या एका पोराची दोन बोटं गेली. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या मशीनवर. मी त्याच्यासोबत घाटी रुग्णालयात होतो. कळवळत होता, आणि मधूनमधून एकच म्हणायचा, “मशीन त बंद व्हती ना भाऊ, म्या सोता बंद केली व्हती.” खरंच केली होती. चौकशीच्या कागदावर मात्र ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असं आलं. तो कागद लिहिणाऱ्याला पीएलसी उत्तम येत होतं.

याला हवं तर स्मरणरंजन म्हणा.

शिकलेल्या माणसाला धोका नसतो असंही नाही. १९८१ मध्ये जपानमधल्या अकाशीच्या कावासाकी कारखान्यात रोबोटने ज्याचा जीव घेतला तो बटण दाबणारा नव्हता, देखभाल करणारा होता. कुंपणाच्या आत गेला तेव्हा रोबोट पुरता बंद झालेला नव्हता. आणि १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी मांडून ठेवलंय की सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाच्या वाट्याला नेमकं अवघड उरतं, तेही सराव मोडलेला असताना. ऑटोमेशनवाल्यांनी निदान एवढं वाचलेलं असावं अशी माझी भाबडी समजूत होती.

कायद्याचंही सांगतो, कारण “गार्ड बसवलं की मालकाची जबाबदारी संपली” असा सूर आपल्या लिहिण्यात आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २१ गार्डचं, म्हणजे यंत्राच्या धोकादायक भागांवरच्या संरक्षक आडोशाचं होतं. त्याला लागून असलेलं कलम २२ सांगायचं की चालत्या यंत्राची तपासणी करायची वेळ आलीच, तर ती खास प्रशिक्षण दिलेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या माणसानेच करायची, आणि त्याचं नाव रजिस्टरला हवं. ते कपडेही मालकाने द्यायचे. भोपाळनंतर १९८७ ची दुरुस्ती आली, तिने कलम ७-ए मध्ये माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी केली. गार्ड असताना प्रशिक्षण कशाला, असं त्या कायदा करणाऱ्यांनाही वाटलं नाही.

डिझाइन आधी हवं, हे मी कुठे नाकारलं? नाकारलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलायचं कारण नाही. पोरं सहा महिन्यांत जातात हा ठेकेदाराचा आणि एचआरचा प्रश्न, माझा लेख त्यावर नव्हता. तीन आठवड्यांत उत्पादन बुडतं म्हणाल तर शिकलेला ऑपरेटर बाउल फीडरमध्ये (पार्ट एकेक करून पुढे सरकवणाऱ्या वाटीत) अडकलेला पार्ट आणि तेलकट झालेला सेन्सर स्वतः बघतो, न शिकलेला दरवेळी मेंटेनन्सची वाट बघत बसतो. हिशेब आपणच मांडा, आकडेमोड आपल्याला जमते. आणि दाराच्या इंटरलॉकला (दार उघडलं की मशीन थांबवणाऱ्या सेन्सरला) सुटा मॅग्नेट चिकटवून मशीन उघडं चालवायची आयडिया मी आजवर एकाही हेल्परच्या डोक्यातून निघालेली पाहिली नाही. ती वरून येते, महिनाअखेरीला.

राहिला पीएलसीचा मुद्दा. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, येतो असं मी कधी म्हटलंही नाही. रीसेटनंतर सायकल मधूनच का सुरू होते, ती पहिल्यापासून सुरू करायला प्रोग्रॅममध्ये काय करावं लागतं, हे दोन-तीन वाचकांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर तुम्हीच द्या. ऑपरेटरला कळेल अशा मराठीत लिहून पाठवलंत तर एक शब्द न बदलता इथे टाकतो, फक्त यावेळी नाव द्या.