ट्यूबनं खाज थांबली म्हणून ते इसब?

आत्यानं दीड महिना एक फॉरवर्ड इमानेइतबारे पाळला. परभणीत, ऐन मे महिन्यात. परकराच्या नाडीखाली रुपयाएवढा चट्टा होता, तो आता पाठीवर चढलाय. फॉरवर्ड असा: "गोल चट्टा रक्तातल्या उष्णतेनं उठतो. वांगं, दही बंद. मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणा. तीन दिवसांत खाज गेली तर ते इसब, गजकर्ण नव्हेच. परत उठलं तर परत लावा. ओले कपडे अंगावर ठेवू नका."

वांग्यादह्यावर बोलतच नाही. गजकर्ण म्हणजे कातडीवरची बुरशी. ती कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, ताटातल्या भाजीवर नाही.

खरा घात 'खाज गेली तर इसब' यात आहे. या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं जबर स्टिरॉइड असतं. खाज आणि लाली ही बुरशीशी झुंजणाऱ्या आपल्याच शरीराची. स्टिरॉइड ती झुंजच दाबतं. मग इसब असो की गजकर्ण, खाज थांबणारच! कुत्र्याचं तोंड बांधलं, भुंकणं थांबलं, म्हणून चोर गेला म्हणायचं का? बुरशी निवांत पसरते, चट्ट्याची उठावदार कड पुसट होते आणि मग तो खरंच इसबासारखा नाहीतर सोरायसिससारखा दिसतो. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याला नावच दिलं, टिनिया इनकॉग्निटो. वेष पालटलेलं गजकर्ण म्हणा. नुसत्या नजरेला डॉक्टरही फसतात. कातडी जराशी खरवडून, केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की बुरशीचे धागे दिसतात.

'परत लावा' म्हणणाऱ्यानं आत्याची कंबर बघावी. कातडी पातळ होऊन बाळंतपणासारखे व्रण उठलेत, ते आता पुरते जायचे नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. आत्याला मात्र काउंटरवर नुसतं "खाजेची" म्हणताच मिळाली.

ओल्या कपड्यांचं खरं आहे, मान्य. स्टिरॉइडही खऱ्या इसबावर औषधच आहे, पण डॉक्टरनं ठरवल्यावर. आणि घरात दोघांना खाज असेल तर दोघांनी दाखवायचं, टॉवेल वेगळे.

काल फोनवर आत्याचा पहिला प्रश्न, "मग वांगं खाऊ का?" खा म्हणलं खुशाल. ट्यूब तेवढी फेकू नको, दवाखान्यात सोबत घे, डॉक्टरला नाव वाचायचंय.