क्वार्टरबॅकच्या कानात कोण बोलतं, आणि किती सेकंद

अमेरिकन फुटबॉलवरचा एक फॉरवर्ड मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा तो न्यू जर्सीच्या वहिनींकडून घरच्या ग्रुपवर येऊन पडला, वर पुस्ती जोडून: "म्हणूनच लेकाला या खेळात घालत नाही, यात डोकं चालवायची सोयच नाही." मुलाला कुठे घालायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण कारण तरी खरं असावं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा म्होरक्या) हेल्मेटमध्ये स्पीकर असतो आणि कोच त्याला शेवटपर्यंत सांगत असतो, आता डावीकडे बघ, आता फेक. प्ले, म्हणजे पुढची चाल, ठरवतो तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच), मुख्य कोच नुसता टाळ्या वाजवतो. खरं तर कॉम्प्युटरच प्ले निवडतो. पूर्वीचे क्वार्टरबॅक स्वतः खेळायचे, आताचे पोपट आहेत. आणि शेवटी, "क्रिकेटमध्ये असलं चालत नाही."

आधी स्पीकरचं बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. स्पीकर असतो हे खरं. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, १९९४ पासून त्याला परवानगी दिली आहे आणि अशा हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. पण त्याच नियमात पुढचं वाक्य आहे, जे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही: प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या मुदतीचं घड्याळ) १५ सेकंद उरले की आवाज बंद. त्याआधी चेंडू स्नॅप झाला, म्हणजे मागे देऊन प्ले सुरू झाला, तर त्या क्षणी बंद. आणि हे बटण संघाच्या हातात नसतं. लीगने नेमलेला माणूस लाइन तोडतो.

आता हिशेब करा. आधीचा प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. १५ वजा केले की उरतात २५. तेवढ्यात कोचला कितवा डाउन (चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठे आहे हे बघून आधी कोणते खेळाडू आत जाणार ते सांगावं लागतं. 'इलेव्हन' (एक-एक) म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) आणि तीन रिसीव्हर (पास झेलणारे). मग हातातल्या लॅमिनेट केलेल्या कॉल शीटवरून प्ले निवडायचा आणि बोलायचा. तो पूर्ण कॉल म्हणजे मांडणी, मोशन, क्वार्टरबॅकला वाचवायची रचना आणि रिसीव्हरांचे मार्ग, असं सगळं एका दमात. कोच जॉन ग्रुडन यांच्यामुळे गाजलेला 'स्पायडर टू वाय बनाना' हा त्यातला चिमुकला नमुना: 'स्पायडर टू' ही संरक्षणाची रचना, 'वाय' म्हणजे टाइट एंड आणि 'बनाना' म्हणजे त्याने केळ्यासारखं वळत धावायचं. खरे कॉल याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. ऐकतो फक्त क्वार्टरबॅक. हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) उरलेल्या दहा जणांना तो शब्दन् शब्द त्यालाच सांगावा लागतो. एक शब्द चुकला की रिसीव्हर एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. कॉल उशिरा आला तर टाइमआउट जळतो, नाहीतर डिले ऑफ गेमचे पाच यार्ड जातात. म्हणून अनेक जण मनगटावर क्रमांक घातलेल्या प्लेंची पट्टी बांधतात. कोचने नुसता आकडा सांगितला तरी भागतं.

कान बंद झाल्यानंतरच्या १५ सेकंदांत खरं काम सुरू होतं. समोरच्या बचावातला मधला लाइनबॅकर कोण ते बोट दाखवून सांगायचं, म्हणजे लाइनमनना कोणी कोणाला अडवायचं ते कळतं. हे बऱ्याचदा सेंटर (स्नॅप करणारा) करतो, कधी क्वार्टरबॅक. हडलमध्ये दोन प्ले दिलेले असतील आणि पहिला समोरच्या बचावाला बळी पडणारा दिसला, तर 'किल, किल' ओरडून दुसऱ्यावर जायचं. आरपीओ (रन-पास ऑप्शन) असेल तर धाव की पास हे स्नॅपनंतर एका बचावपटूच्या पायांकडे बघून ठरतं. पास फेकायला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणाचा कोच काय सांगणार, कपाळ?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. २०१७ मध्ये मुख्य कोच शॉन मॅकव्हे यांच्या रॅम्स संघाने या नियमातली फट वापरली. खेळाडू लवकर लाइनवर येऊन उभे राहायचे, बचावाची मांडणी दिसायची, आणि घड्याळ १५ वर येईपर्यंत मॅकव्हे क्वार्टरबॅक जॅरेड गॉफच्या कानात बोलायचे. म्हणजे मांडणी कोच वाचत होता, हे अर्धसत्य आहे. पण याचा उतारा फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, निघाला. पॅट्रियट्सचा बचाव आधी एक मांडणी दाखवायचा आणि १५ सेकंदांची वेळ उलटली की बदलायचा. कानातला आवाज गेलेला, समोरचं चित्र वेगळं. रॅम्सचे पूर्ण सामन्यात गुण किती? तीन.

कोऑर्डिनेटरच प्ले ठरवतो, हेही सरसकट खरं नाही. पदाच्या नावावरून काही कळत नाही. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल घ्या. ईगल्सकडे मुख्य कोच निक सिरिआनी, पण प्ले बोलत होते कोऑर्डिनेटर केलन मूर. समोर चीफ्सकडेही मॅट नेगी हे कोऑर्डिनेटर होतेच, पण कॉल शीट मुख्य कोच अँडी रीड यांच्या हातात. एकाच मैदानावर दोन्ही पद्धती. (ईगल्स ४०-२२ जिंकले, पण त्यावरून पद्धतीचा निकाल लावू नका.) मॅकव्हे आणि काइल शॅनहन हेही मुख्य कोच असून स्वतःच प्ले बोलतात. शिवाय हे मधेच बदलतं: २०१७ च्या शेवटच्या टप्प्यात रीड यांनी याच नेगींकडे कॉल सोपवले होते.

कॉम्प्युटरबद्दल फार लिहायची गरज नाही. आठवडाभर व्हिडिओ आणि आकडे चाळून योजना बनते, सुरुवातीचे पंधराएक प्ले आधीच लिहून ठेवलेले असतात (ही सवय कोच बिल वॉल्श यांची), आणि बाकावरच्या टॅब्लेटवर आधीच्या प्लेंची छायाचित्रं दिसतात. कॉल शीटवरून बोट फिरतं ते माणसाचंच.

'पूर्वीचे स्वतः खेळायचे' हेही अर्धंच. जॉनी युनायटस, टेरी ब्रॅडशॉ स्वतः प्ले ठरवायचे, बरोबर. पण त्याच युनायटसच्या काळात कोच पॉल ब्राउन दर प्लेला एक गार्ड (लाइनमन) बदलून त्याच्या तोंडून निरोप धाडत होते, आणि १९५६ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटात रेडिओही बसवला होता. लीगने तो त्याच वर्षी बंद पाडला. उलट १९९० च्या दशकात, म्हणजे 'पोपटां'च्या काळात, जिम केली बफेलोच्या विनाहडल आक्रमणात स्वतः कॉल देत होता.

क्रिकेटचा टेंभा तर मिरवूच नका. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडमधल्या होव्हला, आपल्याविरुद्धच, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात कोच बॉब वूल्मर यांचा आवाज घेऊन उतरला होता. ड्रिंक्सच्या वेळी मॅच रेफरीने ते यंत्र काढायला लावलं.

राहता राहिला पोपट. फेब्रुवारी २०१८, सुपर बोल, ईगल्स विरुद्ध पॅट्रियट्स. पूर्वार्धाची ३८ सेकंदं बाकी, चौथा डाउन, गोल एका यार्डावर. त्या दिवशी प्ले बोलणारे होते मुख्य कोच डग पीडरसन. टाइमआउटमध्ये क्वार्टरबॅक निक फोल्सने त्यांना एका चकव्याच्या प्लेचं नाव घेऊन विचारलं, "फिली फिली?" पीडरसन क्षणभर थांबले आणि म्हणाले, चल, करू या. चेंडू स्नॅप होऊन कोरी क्लेमेंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनच्या पासवर टचडाउन केला खुद्द फोल्सने. हा संवाद रेकॉर्ड झालेला आहे, कोणीही ऐकावा. हेल्मेटातल्या स्पीकरवर कोचचं ऐकू येतं, उलट बोलता येत नाही. म्हणून एवढं विचारायला फोल्सला बाजूच्या रेषेपर्यंत चालत जावं लागलं.